रोग्याचें ऐकणारा अध्यापक

कंबर धरली कीं घरांतील प्रत्येक वडीलधारें माणूस वैद्य होतें. शेक द्या, लेप लावा, स्वस्थ पडून राहा. उपायांस तोटा नसतो. नेमकें कोठें, केव्हां आणि कोणती हालचाल करतांना दुखतें, हें विचारावयास मात्र कोणास सवड नसते. हाच प्रश्न आयुष्यभर विचारीत राहिलेल्या एका अध्यापकाची ओळख या वेळीं वाचकांस करून द्यावयाची आहे.

जेफ्री मेटलंड हे ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅडलेडचे. जन्म १९२४ चा. महायुद्धांत विमानदलांत नोकरी करून ते परतले आणि १९४९ सालीं त्यांनीं भौतिकोपचाराचें, म्हणजे आपण ज्यास फिजिओथेरपी म्हणतों त्याचें, शिक्षण पुरें केलें. आधीं रुग्णालयांतील नोकरी, मग स्वतःचा व्यवसाय, आणि जोडीला अध्यापन, असा त्यांचा क्रम. आठवड्यांतला अर्धा दिवस ते ग्रंथालयांत घालवीत. १९६१ सालीं पत्नी अ‍ॅन यांच्यासह परदेशीं जाऊन ते या विद्येंतील जाणत्यांचें काम पाहून आले. १९६४ मध्यें कण्याच्या हस्तोपचारावरील त्यांचा ग्रंथ निघाला. त्यांच्या ग्रंथांस चित्रें काढून देण्याचें काम अ‍ॅनबाईंनीं केलें, हेंही सांगितलें पाहिजे.

हस्तोपचार म्हटला कीं जोराचा हिसका आणि कट्‌ असा आवाज, एवढेंच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें येतें. मेटलंड यांनीं त्या हिसक्याच्या आधीं हळुवार झोक्यांच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिलींत सांधा हालचालीच्या आरंभींच किंचित्‌ झुलवावयाचा. दुसरींत झोका मोठा, पण आडकाठी लागेल तेथवर न्यावयाचा नाहीं. तिसरींत तोच मोठा झोका आडकाठीपर्यंत. चौथींत त्या टोकाशींच लहानसा. सामान्यतः दुखऱ्या सांध्यास पहिल्या दोन, आखडलेल्यास शेवटच्या दोन. थोडें करावें, थांबावें, रोग्यास पुन्हां वांकावयास सांगावें आणि मघांपेक्षां फरक पडला का तें पाहावें. नसेल पडला तर रीत बदलावी.

विद्यार्थ्यांस ते एका भिंतीचा दाखला देत. तिच्या एका अंगास शरीरशास्त्र आणि रोगाचें नांव. दुसऱ्या अंगास समोरच्या माणसाची हकीकत आणि तपासणींत दिसलेलें. भिंतीस फटी असाव्यात, विचार इकडून तिकडे जावेत. परंतु मेळ बसेना तर रोग्याकडून कळलेलें खरें धरावें. हें शिकविणें सोपें नव्हे. ते विद्यार्थ्यांच्या देखत रोग्यांवर उपचार करीत, आणि गुण न आल्यास तेंही सर्वांच्या देखतच! आमच्या एकत्र कुटुंबांत तर अडचण आणखी निराळी: सासूबाईंचें दुखणें मुलगा सांगतो आणि सुनेचें सासूबाई. उपचारकास हवे असलेले शब्द ज्याच्या तोंडीं आहेत, तो मुकाट बसून राहतो.

१९६५ सालीं अ‍ॅडलेड येथें कण्याच्या हस्तोपचाराचा तीन महिन्यांचा वर्ग निघाला. १९७४ मध्यें या विद्येची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापणाऱ्यांत मेटलंड होते. २०१० सालीं ते वारले. त्या चार पायऱ्या आपल्याकडील विद्यार्थीही शिकतात.