गुणसुधाराचा हिशेब

दहावी-बारावीचे निकाल लागले की नेवासे तालुक्यातील अनेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : पुन्हा परीक्षेस बसावे काय? उत्तीर्ण झालेल्या, परंतु आपल्या गुणांविषयी असमाधानी असलेल्या विद्यार्थ्यास राज्य मंडळाने श्रेणी व गुण सुधारण्याची संधी ठेवली आहे. ही योजना स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. एका दिवसाच्या तापाने किंवा घरातील आपत्तीने मुलाचे भवितव्य ठरावे, हे न्याय्य नव्हे. परंतु वाढलेले गुण प्रवेशाच्या दारी कोठे उपयोगी पडतात आणि कोठे पडत नाहीत, याचा हिशेब मांडल्यावाचून घेतलेला निर्णय महागात पडतो.

प्रथम अकरावीचे पाहू. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. पूर्वी महानगरांपुरती असलेली ही पद्धत आता नेवासे, सोनई, कुकाणे येथील मुलांनाही लागू झाली. त्या वर्षी पहिल्या फेरीची यादी जूनअखेर लागली आणि पुरवणी परीक्षेचा निकाल जुलैअखेर. मागणी असलेल्या जागा आधीच्या फेऱ्यांतच भरून जातात. गुण वाढले, पण गाडी निघून गेली, अशी स्थिती होते.

बारावीनंतरची कथा निराळी आहे. वैद्यकीय प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर, तर राज्यातील अभियांत्रिकी प्रवेश मुख्यतः सीईटीवर ठरतात. तेथे बारावीचे गुण ही केवळ पात्रतेची पायरी असते : खुल्या प्रवर्गास विहित विषयांत वैद्यकीयसाठी 50 आणि अभियांत्रिकीसाठी 45 टक्के, तर राखीव प्रवर्गास दोन्हीकडे 40 टक्के. ज्याला 43 टक्के मिळाले आहेत, त्या खुल्या प्रवर्गातील मुलाला दोन टक्क्यांची वाढ अभियांत्रिकीचे बंद दार उघडून देते. परंतु 85 चे 92 करण्यासाठी वर्ष घालविणाऱ्याच्या पदरी तेथे जवळजवळ काहीच पडत नाही. त्याने ते वर्ष सीईटीच्या तयारीस दिले असते, तर अधिक लाभले असते. एनआयटीसारख्या संस्थांत खुल्या प्रवर्गास 75 टक्क्यांची किंवा आपल्या मंडळातील वरच्या वीस शतांशांत असण्याची अट आहे. तेथे 72 वर अडलेल्या विद्यार्थ्याने पुन्हा परीक्षा देणे शहाणपणाचे ठरते. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवी प्रवेशांत मात्र बारावीच्या गुणांना अजूनही वजन आहे. पुण्यातील नामांकित महाविद्यालय गाठू पाहणाऱ्यास तेथे प्रत्येक गुण मोलाचा वाटतो, तो उगाच नव्हे.

हा भेद शहरातील विद्यार्थ्यास खासगी शिकवणीवर्गात कळतो. नेवाशाच्या आसपासच्या खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलास तो सांगणार कोण? ‘आणखी एकदा बस’ हा सल्ला फुकट मिळतो. वर्ष मात्र मुलाचे जाते. मुलीच्या बाबतीत तर धोका अधिक. एक वर्ष घरी बसलेल्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात आणि गुणसुधार बाजूलाच राहतो.

तेव्हा दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. पुरवणी परीक्षेचे वेळापत्रक असे आखावे की, तिचा निकाल प्रवेशाच्या निदान मधल्या फेऱ्यांपूर्वी लागेल. वर्षातून दोनदा मंडळ परीक्षा देता यावी, असे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सुचविले आहे. परंतु दुसरी संधी वेळेवर फळली नाही, तर ती संधी केवळ नावाची. दुसरे, निकालाच्या आठवड्यात प्रत्येक माध्यमिक शाळेने एका जाणत्या शिक्षकाकडे मार्गदर्शनाचे काम सोपवावे. कोणत्या अभ्यासक्रमास काय लागते, हे त्याने पालकांना समोर बसवून सांगावे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही.

ज्ञानेश्वरांनी ज्या गावी गीतेचा अर्थ सर्वसामान्यांच्या भाषेत उलगडला, त्या गावच्या मुलांना प्रवेशाचे नियम त्यांच्या भाषेत समजावून सांगणे अवघड नसावे. गुण वाढविण्याची जिद्द मुलांपाशी आहे. ती कोठे खर्च करावी, एवढे सांगणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.