निपाणीचा आमदार, 1937

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात निवडणुकीचा विषय निघाला की गप्पा बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यानंतरच्या 1957 च्या निवडणुकीपासून सुरू होतात. जणू त्याआधी बेळगावात कधी मतपेटीच आली नव्हती.

1937 च्या फेब्रुवारीत बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. विधानसभेच्या 175 जागांपैकी काँग्रेसनं 86 जिंकल्या. बेळगावचे अण्णासाहेब लठ्ठे पुढं बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले, म्हणून त्यांचं नाव अजून कानावर असतं. पण त्याच निवडणुकीत बेळगाव उत्तरमधून निपाणीचे बळवंतराव वराळेही मुंबईला गेले, डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे. ऑगस्ट 1936 मध्ये स्थापन झालेला पक्ष तो. धड वर्षाचाही नव्हता.

मताचा अधिकार तेव्हा मूठभरांनाच. शेतसारा भरणारे, थोडेफार शिकलेले, असे. अस्पृश्यांसाठी कायद्यानं आणखी एक फट ठेवली होती: गावकीची हलकी कामं प्रत्यक्ष करणाऱ्याला मत. गावकीच्या या कामांना बांधून ठेवणाऱ्या ज्या महारकी वतनातून समाजाला सोडवायला बाबासाहेब झटत होते, त्याच वतनानं कित्येकांची नावं मतदारयादीत घातली! इंग्रज साहेबाच्या राज्यातला न्याय हा असा.

खरी गंमत मतदानाच्या पद्धतीत आहे. इलाख्यातल्या अनेक जागांच्या मतदारसंघात जितक्या जागा तितकी मतं मिळत, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. तीन जागा असल्या तर इतर मतदार आपली मतं तिघांत वाटणार. महारवाड्यातला मतदार तिन्ही एकालाच देणार. संख्येनं थोडे असूनही त्यांच्या पसंतीचा माणूस निवडून येऊ शकतो तो असा. 1952 साली सर्वांना मताधिकार मिळाला, पण दुहेरी मतदारसंघात दोन्ही मतं एकाला द्यायची मुभा राहिली नाही. त्या वर्षी मुंबईत खुद्द बाबासाहेब पडले. सार्वत्रिक मताधिकाराचं मोल मी कमी लेखत नाही. पण मत कसं मोजतात याकडं आपण काणाडोळाच करतो.

आता सीमेबद्दल. एप्रिल 1938 मध्ये याच विधानसभेत वेगळ्या कर्नाटक प्रांताचा ठराव आला. वराळ्यांचे नेते बाबासाहेब विरोधात बोलले. मराठीचा कैवार घेऊन नव्हे. भाषेच्या अभिमानापायी भारतीयपण मागं पडेल, ही त्यांची भीती होती. पुढं 1955 मध्ये त्यांनी एका राज्याला एक भाषा असावी असं मांडलं, तेवढं सीमालढ्यातले आमचे वक्ते आवर्जून सांगतात. 1938 चं भाषण मात्र बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात बसणाऱ्या कर्नाटकच्या पुढाऱ्यांना जड जातं आणि त्यांच्या विरोधात मराठी महामेळावा भरवणाऱ्यांनाही.

– सीमावासी