तोरण्यावर फिरलेली सुई

गेल्या महिन्यात भोरला एका विद्वान गृहस्थांचे व्याख्यान ऐकण्याचा योग आला. योग कसला, भोगच. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सह्याद्रीच्या दगडाला चुंबकी दिशेची स्मरणशक्ती नसते, असलीच तर साडेसहा कोटी वर्षे टिकत नाही, टिकलीच तर विजा पडून पुसली जाते, काही दगड उलटी दिशा दाखवतात, म्हणजे यंत्रच बिघडलेले, आणि एवढे करून वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाणी मिळते का? मग हुकमाचे पान आले. तोरण्याच्या माथ्यावर त्यांनी खिशातले होकायंत्र कातळावर ठेवले, तर सुई गर्रकन फिरली. हातभर सरकवले, तर तिसरीकडेच. ‘‘ज्याला स्वतःची उत्तर सापडत नाही, तो दगड पृथ्वीची काय सांगणार?’’ टाळ्या. मीही वाजवल्या, शेजारचे बघत होते.

पाण्याचे आधी उरकतो. पाणी हवेच, आणि लाव्ह्याचे थर ओळखणाऱ्यालाच विहीर कुठे खणावी हे जरा बरे कळते. स्मरणशक्ती? शब्द आवडत नसेल तर सोडून द्या. लाव्हा निवत 580 अंश सेल्सियसखाली आला की त्यातले मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरू लागतात आणि पूर्ण निवल्यावर सोडत नाहीत. भट्टीतली वीटही हेच करते. उलट्या दिशेचे म्हणाल, तर असे दगड फ्रान्समध्ये 1906 साली सापडले, जपानमध्ये 1929 साली वयानुसार लावून दाखवले गेले. पृथ्वीचे ध्रुव शेवटचे उलटले त्याला सुमारे 7 लाख 80 हजार वर्षे झाली. शिवाय सह्याद्रीच्या घाटांतला खालचा दगड उलटा आणि महाबळेश्वरच्या माथ्याजवळचा सुलटा, हे एकाच यंत्राने दाखवले. बिघाड गड चढताना दुरुस्त होतो की काय?

आता ती सुई. वीज चुंबकाचे वाटोळे करते, हे वक्त्यांनी अशा थाटात सांगितले की जणू बातमी प्रथम त्यांच्याच कानी आली. अहो, मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकमापन 1904 मध्ये अलिबागला हलवले! रस्त्यावरच्या ट्रामला जी मंडळी एवढी भ्याली, ती वळवाच्या विजेला विसरतील? तोरणा 1403 मीटर उंच. मे महिन्यात भोर-वेल्ह्यात ढग गडगडले की पहिला प्रसाद माथ्यालाच. कातळातून गेलेला तो प्रचंड प्रवाह भोवतीच्या दगडाला नव्याने चुंबकित करतो. म्हणून सुई हाताहातावर दिशा बदलते. वक्त्यांनी पाहिले ते खरेच पाहिले. फक्त ज्या जागी एकही शहाणा नमुना घेणार नाही, नेमकी तीच शोधून त्यांनी निकाल दिला. गावातल्या एकुलत्या बहिऱ्याला हाक मारून गाव बहिरे ठरवावे, तसे.

नमुना घेतात घाटाच्या कापात, वरंधसारख्या, जिथे कातळ नव्याने उघडा पडलेला असतो. तिथेही होकायंत्रावर विसंबत नाहीत. दगड सुईला ओढतो हे ठाऊक असल्याने सूर्याच्या सावलीवरून दिशा मांडतात. मग प्रयोगशाळेत तो तुकडा टप्प्याटप्प्याने तापवतात, किंवा उलटसुलट बदलत्या क्षेत्रात फिरवतात. विजेने चढवलेला वरवरचा थाट बहुधा आधी उतरतो, मूळची दिशा मागे राहते. राहिली नाही, तर नमुना फेकून देतात. हे फेकून देणे वक्त्यांना कुणी सांगितलेले दिसत नाही. त्यांच्या पद्धतीत काहीच फेकायचे नसते.

याच फिरत्या सुईवरून काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गृहस्थांनी गडावर ‘ऊर्जाकेंद्र’ सिद्ध केले होते. तेव्हाही मी भांडलो आणि हरलो, कारण चहा-पोहे त्यांच्याकडचे होते. एक सुई, निष्कर्ष दोन, समजूत शून्य. खंड सरकतात म्हणणाऱ्यांनाही एके काळी असेच हसत असत. ‘जमीन काय होडी आहे?’ असे विचारीत. 1950च्या दशकात दख्खनच्या दगडातली चुंबकी दिशा मोजली गेली तेव्हा ते हसू जरा आवरले.

मग माझे म्हणणे काय? फार नाही. चुंबकक्षेत्राचा कल विषुववृत्तापाशी आडवा आणि ध्रुवाकडे उभा होत जातो. म्हणून दगडातला कल मोजला की त्याचे अक्षांश निघतात. सह्याद्रीतल्या उलट्या थरांच्या चुंबकत्वाचे उत्तर टोक आग्नेयेकडे आणि खाली झुकलेले आहे. हिशोब करा: साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा ओतला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला 30 अंशांच्या आसपास होती. आज भोर 18 अंश उत्तरेला. पाच हजारांवर किलोमीटरचा प्रवास, वर्षाला सरासरी आठेक सेंटिमीटर. आणि घाटांतला बहुतेक लाव्हा एकाच उलट्या कालखंडातला, म्हणजे जेमतेम दहा लाख वर्षांच्या आतला.

घरी आलो. आजीचा पाटा भिंतीला टेकून उभा होता. त्याच काळ्या दगडाचा, आणि त्याच्या पोटातही ती दिशा आहे. पण खाणीतून काढताना तो कुठे तोंड करून होता, ही खूण कुणी केली नाही. म्हणून त्याची साक्ष फुकट. दगड विसरत नाही. खूण करायला आपण विसरतो, आणि मग व्याख्यान देतो.