फारकत झाली, दावा मोडला नाही



सातपुड्याच्या पाड्यांवर ही अडचण येते. फारकत झालेले नवरा-बायको दोघेही वनहक्क समितीत. समोरासमोर बसायचं, दाव्यांवर बोलायचं. पंच म्हणतात, बाईने समिती सोडावी, कटकट नको. बाईनेच का? समितीत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत, हा नियम आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

केरळात गौरी अम्मा आणि टी. व्ही. थॉमस हे नवरा-बायको. 1964 ला कम्युनिस्ट पक्ष फुटला, दोघे दोन पक्षांत गेले, संसारही मोडला. तरी 1967 ला दोघे एकाच सरकारात मंत्री होते. महसूल खातं गौरी अम्मांकडे, म्हणजे जमिनीचंच काम.

आपल्याकडे खरं भांडणही जमिनीचंच. 2006 चा कायदा सांगतो, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. फारकतीनंतर नवरा म्हणतो, दावा माझ्या एकट्याचा. मग 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून त्या वावरातले दगड कोणी वेचले? फॉरेस्टवाले आले तेव्हा आडवं कोण झालं? हिस्सा दोघांनी बसून ठरवावा. जमत नसेल तर समितीतल्या एका बाईने, एका माणसाने मधे बसावं. आणि स्वतःच्या दाव्याची तपासणी असेल त्या दिवशी दोघांनीही बाजूला राहायचं, हाही नियमच आहे. बाकीच्या दाव्यांना मात्र दोघं हजर पाहिजेत.