पाणी कोणाच्या हमीवर?

गेल्या महिन्यात आमच्या आपांचा मुलगा घरी आला. चाकणच्या कारखान्यात नोकरी, चिखलीत भाड्याचे घर, दोन लहान मुले. म्हणाला, "मामू, मोशीकडे फ्लॅट बघितलाय. तुम्ही एकदा येऊन बघा, मगच टोकन देतो."

आम्ही गेलो. सॅम्पल फ्लॅट झकास होता. पत्रकात पोहण्याचा तलावही छापलेला. आम्ही विचारले, "पाणी कुठले?" विक्रीवाला मुलगा हसून म्हणाला, "कॉर्पोरेशनचे, साहेब." आम्ही पुढे विचारले, "कधीपासून?" तेव्हा मात्र तो साहेबांना विचारायला आत गेला.

हा प्रश्न का विचारायचा, ते आधी सांगतो. 2001 ला पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. 2011 च्या जनगणनेत ती 17 लाख 27 हजारांवर गेली, आणि त्यानंतरही शहर वाढतेच आहे. शहराचा मुख्य आधार पवना धरण. नदीतून आलेले पाणी रावेतला उचलतात आणि निगडीला शुद्ध करतात. धरणातून थेट बंद नळाने पाणी आणण्याची योजना आली, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ झालेल्या गोळीबारात तीन जणांचा जीव गेला आणि योजना वर्षानुवर्षे रखडली. नोव्हेंबर 2019 पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले. पुढे आंद्रा धरणाचे पाणी चिखलीच्या केंद्रात येऊ लागले. पण घरेही तितक्याच वेगाने उभी राहत होती.

मग पालिका नव्या इमारतींना परवानगी देते कशी? अटी घालून देते. अग्निशमन, पाणी, मलनिस्सारण, उद्यान अशा विभागांचे ना हरकत दाखले लागतात. सांडपाणी शुद्ध करा, मोकळी जागा सोडा, पावसाचे पाणी जमिनीत मुरवा, अशा अटी बांधकाम परवान्याला जोडलेल्या असतात. बांधकाम 20 हजार चौरस मीटरपर्यंत पोहोचले की पर्यावरण मंजुरीही लागते. आणि जिथे पालिकेकडे पाणी पुरेसे नाही, तिथे बिल्डरकडून हमीपत्र घेतात, की पालिका पाणी देईपर्यंत मी स्वखर्चाने पुरवीन.

कागदावर अट चोख आहे. खोट पुढे येते. घरे विकली जातात, सोसायटी स्थापन होते, बिल्डर दुसऱ्या जागी नवा फलक लावतो. टँकरचे बिल मात्र मेंटेनन्समध्ये चढते. सांडपाणी केंद्र बंद पडले तर नोटीस सोसायटीला येते. बोलणी झाली पालिका आणि बिल्डर यांच्यात. निस्तरणे आले ज्याने आयुष्याची पुंजी ओतली त्याच्या वाट्याला. बोलणी चालू असताना तो तिथे नव्हताच. रमजानमध्ये सहरीच्या वेळी नळ कोरडा निघाला, की या अटीचा अर्थ घरातल्या बायकांना सर्वांआधी कळतो.

म्हणून पैसे देण्यापूर्वी चार कागद मागा. पहिला, बांधकाम परवाना, अटींच्या पानांसकट. दुसरा, पाणीपुरवठा विभागाचा दाखला आणि बिल्डरचे हमीपत्र. तिसरा, मोठा प्रकल्प असेल तर पर्यावरण मंजुरीचे पत्र. त्यात पाणी कुठून, किती, हे लिहिलेले असते. चौथा, पाणी, सांडपाणी आणि वीज केव्हा मिळणार याचे वेळापत्रक. रेरा कायद्याच्या कलम 11 नुसार हे वेळापत्रक बुकिंगच्या वेळीच देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय सामान हलवू नका.

देण्याघेण्याचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. उधारीच्या हजार रुपयांना आपण चिठ्ठी करतो. पन्नास लाखांच्या घराला तोंडी शब्दावर भुलू नये.

पालिकेलाही आमचे एक सांगणे आहे. हमीपत्र घेऊन फायलीत ठेवू नका. प्रत्येक प्रकल्पाच्या अटी मराठीत, ठळक अक्षरांत, बांधकामाच्या फाटकावर लावायला सांगा, आणि भोगवटा देण्यापूर्वी नळ उघडून बघा.

भाच्याने कागद मागितले. तीन मिळाले. हमीपत्र "नंतर देतो" म्हणाले. त्याने टोकनही नंतरच द्यायचे ठरवले आहे. आपा थोड्या नाराज आहेत, पोरांना मोठे घर हवे म्हणून. आम्ही त्यांना इतकेच म्हणालो, "आपा, घर दोन महिने उशिरा मिळेल. पण टँकरची वाट बघण्यात पोरांचे बालपण जायला नको."