कोळशाच्या गाड्यांचा इतिहास कोणी लिहायचा?

आगगाडीचा इतिहास म्हटला की आपण सारे १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, एवढे लिहून गुण मिळवतो आणि मोकळे होतो. इंजिनाच्या पोटातला कोळसा कोठून आला, तो वाघिणीत कोणी भरला, कोणी उतरवला, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

आपल्या महाराष्ट्रात खास कोळशासाठी रेल्वे झाली. तिचे नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याच्या सरकारी खाणीतला कोळसा वर्ध्याला मुख्य मार्गावर आणण्यासाठी १८७० च्या दशकात ती बांधली गेली. त्यापूर्वी मुंबईकडच्या इंजिनांसाठी कोळसा विलायतेहून जहाजाने येई! वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली. रूळ मात्र राहिले, बल्लारपूरकडे वाढले, आणि आज दिल्ली-चेन्नई गाड्या त्याच वाटेने जातात. खाणीतली माणसे कोठे गेली? जुन्या अहवालांत टन सापडतात, मैल सापडतात. माणसे सापडलीच तर आकड्यांत.

परंतु इतके दूर कशाला? आपल्या ठाकुर्लीचे चोळे पॉवर हाऊस घ्या. जी.आय.पी. रेल्वेने विजेच्या गाड्यांसाठी ते १९२९ साली सुरू केले, आणि ते चाले कोळशावर. म्हणजे धूर लोकलच्या डोक्यावरून हलला आणि ठाकुर्लीकरांच्या डोक्यावर आला, इतकेच. माझे आजोबा तेथे एका ठेकेदाराकडे वाघिणी रिकाम्या करीत. आजी रुळाकडेला सांडलेला कोळसा वेचून घमेल्याने विकी. कॅम्प ५ मधली आमची खोली त्या पैशांतून झाली. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच; आजोबांची सही म्हणजे अंगठा. त्यांनी लिहून काय ठेवणार?

या विषयावर प्रकल्प करतो म्हणालो, तेव्हा एक सर म्हणाले, "आजीच्या आठवणी हा पुरावा नव्हे." सरांचा मान राखून सांगतो, मला हे पटलेले नाही. आजीला साल सांगता येत नाही. ती म्हणते, "संपात वीसेक दिवस काही वेचायला मिळालं नाही. काटक्यांवर चूल पेटवली." मी वाचनालयात पाहिले. रेल्वेचा संप ८ मे १९७४ रोजी सुरू झाला आणि २७ मे रोजी मागे घेतला गेला. वीस दिवस! पुस्तकात संपाचे पुढारी आहेत, अटका आहेत. काटक्यांची चूल नाही. कागद तपासावेत, आजीलाही तपासावे. पण आधी तिला विचारावे तरी.

पॉवर हाऊस बंद होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला. आजोबाही नाहीत. त्यांच्या टोळीतले एक काका आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतात. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून प्रश्न मोठ्या अक्षरांत वहीवर लिहून न्यायचे ठरवले होते. मग आठवले, त्यांना वाचता येत नाही. आता आजीलाच बरोबर नेणार आहे; तिचा आवाज त्यांना ऐकू जातो.