स्मृतिभ्रंश आणि शेजारचा दुकानदार

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्याकडे थट्टेनें उच्चारली जाते. ज्या घरांत स्मृतिभ्रंशाची व्याधि शिरली आहे, त्या घरास मात्र ती थट्टा वाटत नाहीं. ही व्याधि वार्धक्याचा स्वाभाविक धर्म नसून मेंदूची विकृति आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें भारतांत साठ वर्षांवरील सुमारें ८८ लक्ष माणसें तिनें ग्रस्त आहेत. हीं माणसें आपल्याच पेठेंत, आपल्याच दुकानांतून वावरत असतात.

जपानांत पूर्वीं या रोगास ‘चिहो’ म्हणत. त्या शब्दांत मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ सालीं सरकारनें तो टाकून ‘निन्चिशो’, म्हणजे बोधशक्तीचा विकार, हें नांव स्वीकारलें. २००५ पासून दुकानदार, बँकांतील कारकून, शाळेंतील मुलें यांस सुमारें दीड तासाचें शिक्षण देण्याचा उपक्रम सुरू झाला. तें घेतलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे. नांव बदललें, त्यापाठोपाठ वागणूकही बदलूं लागली.

आपल्याकडे हें करावयास फारसा खर्च नाहीं. दुकानदारानें एका वेळीं एकच प्रश्न विचारावा व उत्तरास अवकाश द्यावा. बसावयास एक स्टूल ठेवावें. उंबऱ्यापाशीं काळें पायपुसणें नसावें. अशा रोग्यास तें खड्ड्यासारखें भासूं शकतें. हल्लीं मोबाइलवरून क्षणांत पैसे चुकते होतात, म्हणून नाणीं मोजणाऱ्या वृद्धामागें उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांस धीर धरवत नाहीं; तो धरावा. कोणी पैसे न देतां निघाला, तर चारचौघांत त्याचा पाणउतारा न करतां रक्कम वहींत मांडून घरीं कळवावें. गीतेंत स्मृतिभ्रंश हा क्रोधाच्या परिणामांत सांगितला आहे. ही व्याधि क्रोधानें जडत नाहीं. परंतु समोरच्याच्या क्रोधानें रोगी अधिकच गोंधळतो, हें खास.

पण दुकानदारास ठाऊकच नसेल, तर त्यानें वागावें कसें? येथें दोष बहुधा घरच्यांचा असतो. आपला मनुष्य वेड्यांत गणला जाईल या भयानें रोग लपविला जातो, आणि शेवटीं दारास कडी घालून त्यास घरांत बसविलें जातें. ज्यानें चाळीस वर्षें स्वतः भाजी निवडून आणली, त्याचें बाजारास जाणें थांबलें कीं चार माणसांशीं बोलणेंही थांबतें, व उरलेलें सामर्थ्य न वापरल्यामुळें ओसरूं लागतें.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंति आहे. या महिन्यांत वाण्याचा हिशेब चुकता करावयास जाल, तेव्हां घरची स्थिति त्यास स्पष्ट शब्दांत सांगा, फोनचा क्रमांक त्याच्या वहींत लिहून द्या आणि किरकोळ खरेदीसाठीं खातें ठेवा. मग कालच नेलेली साखर आज पुन्हां मागितली गेली, तर ‘आजोबा, घरीं पोंचवितों’ एवढ्या शब्दांत तो वेळ निभावून नेईल, आणि आजोबा ताठ मानेनें घरीं परततील.